बायोस, पोस्ट, सीमॉस, टीपीएम: कॉम्प्युटर सुरू होताना दिसणाऱ्या या शब्दांचा अर्थ काय?

पावसाळ्यात लाइट जाते, परत येते. नाशिकच्या सिडकोतल्या घरातला किंवा सातपूरच्या वर्कशॉपमधला जुना पीसी चालू केला, की कधी कधी विंडोजऐवजी काळी स्क्रीन समोर येते. त्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हार्ड डिस्क गेली, असं वाटून अनेक जण घाबरतात. प्रत्यक्षात बहुतेकदा बिघाड नाण्याएवढ्या एका सेलचा असतो. हे शब्द समजले तर नाहक खर्च टळतो आणि डेटाही वाचतो.

बायोस आणि यूईएफआय

मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा साठवलेला असतो. वीज गेली तरी तो पुसला जात नाही. यालाच फर्मवेअर म्हणतात. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी हाच जागा होतो आणि मग विंडोज किंवा लिनक्सला उठवतो.

बायोस म्हणजे बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम. हा शब्द गॅरी किल्डॉल यांनी १९७५ च्या सुमारास सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वापरला. आजच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या जागी यूईएफआय, म्हणजे युनिफाइड एक्स्टेन्सिबल फर्मवेअर इंटरफेस असतं. तरी बोलताना सगळे ‘बायोस’च म्हणतात.

पोस्ट

पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. रॅम, कीबोर्ड, ग्राफिक्स जागेवर आहेत का, याची ही तपासणी. काही चुकलं तर ‘बीप’ वाजतात. किती बीप म्हणजे कोणता बिघाड, हे कंपनीनुसार बदलतं. त्यामुळे मदरबोर्डचं मॅन्युअल बघावं.

सीमॉस

कॉम्प्लिमेंटरी मेटल ऑक्साइड सेमीकंडक्टर. हे खरं तर चिप बनवण्याच्या तंत्राचं नाव. पीसीमध्ये तारीख, वेळ आणि बायोसची सेटिंग्ज ज्या मेमरीत राहतात, तिला हे नाव चिकटलं. डेस्कटॉपमध्ये तिला जिवंत ठेवतो तो साधारणपणे सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल.

सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग बँकेची वेबसाइटही ‘सुरक्षित नाही’ असं दाखवते, कारण साइटचं सर्टिफिकेट त्या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. सेल बदलल्याने हार्ड डिस्कवरच्या फायली जात नाहीत.

टीपीएम

ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी ही तिजोरी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. अनेक मशीनमध्ये ते असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा. मात्र प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत असावा लागतो.

कन्सोल आणि टीटीवाय

सिस्टिमशी थेट बोलण्याची स्क्रीन आणि कीबोर्ड म्हणजे कन्सोल. लिनक्समध्ये दिसणारं टीटीवाय हे टेलिटाइपरायटरचं संक्षिप्त रूप. पूर्वी कॉम्प्युटरला अशी टाइप करणारी यंत्रं जोडत. यंत्रं गेली, नाव राहिलं.

बायोसला हात लावण्याआधी

- एरर आली की आधी मोबाइलवर फोटो काढा. दुकानात तोच दाखवा.
- लॅपटॉपमध्ये बिटलॉकर सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी दुसरीकडे जपून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर किंवा टीपीएम ‘क्लिअर’ केल्यावर ती मागितली जाऊ शकते. ती नसेल आणि बॅकअपही नसेल, तर त्या ड्राइव्हवरचे फोटो, हिशेब परत मिळत नाहीत.
- बायोस अपडेट कंपनीच्या साइटवरून, नेमक्या मॉडेलचाच घ्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. मध्येच लाइट गेली तर पीसी पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते.