१ नोव्हेंबर १९८२ : ओहायोत बनली पहिली ‘अ‍ॅकॉर्ड’

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथील होंडाच्या कारखान्यातून १ नोव्हेंबर १९८२ रोजी राखाडी रंगाची, चार दारांची अ‍ॅकॉर्ड बाहेर पडली. जपानी कंपनीने अमेरिकेत तयार केलेली ही पहिली मोटार. ती आता डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात, म्हणजे फोर्डच्याच अंगणात आहे!

अ‍ॅकॉर्ड १९७६ मध्ये तीन दारांची हॅचबॅक म्हणून आली. सेडान त्यानंतरच्या वर्षी. तेलटंचाईने पोळलेल्या अमेरिकी ग्राहकांना कमी पेट्रोल पिणारी ही गाडी भावली. तिच्या सीव्हीसीसी इंजिनात मुख्य ज्वलनकक्षाला जोडून एक छोटा कक्ष असे. त्यात पेट्रोलचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण ठिणगीने पेट घेई आणि त्या ज्वाळेने मुख्य कक्षातले विरळ मिश्रण जळे. त्यामुळे धुरातले घातक वायू घटत.

१९८१ पासून जपानी मोटारींच्या अमेरिकेला होणाऱ्या निर्यातीवर मर्यादा आली. मेरिसव्हिलचा निर्णय त्याआधीच झाल्याने होंडाचे फावले. १९८८ मध्ये तर ओहायोतली अ‍ॅकॉर्ड कूपे जपानला रवाना होऊ लागली. १९८९ मध्ये अ‍ॅकॉर्ड अमेरिकेत सर्वाधिक खपाची मोटार ठरली. परदेशी कंपनीला हा मान प्रथमच मिळाला. पुढच्या पिढ्यांत गाडी ऐसपैस होत मध्यम आकाराच्या वर्गात गेली.

भारतात अ‍ॅकॉर्ड २००१ मध्ये आली आणि साहेबांची गाडी म्हणून मिरवली. २०१३ मध्ये तिची विक्री थांबली. २०१६ मध्ये ती हायब्रिड रूपात परतली खरी; पण महागड्या आयात गाडीला गिऱ्हाईक मोजकेच मिळाले.