वॉर्साचे ‘जुने’ शहर नेमके किती जुने?

पाठीवर सॅक अडकवून आम्ही चार मित्र मध्य युरोपात भटकत होतो. वॉर्साच्या जुन्या शहराच्या चौकात पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. पिवळट, गुलाबी, गेरव्या भिंतींची अरुंद उंच घरे, उतरती लाल छपरे, पायाखाली दगडी फरसबंदी. एक मित्र भारावून म्हणाला, “चारशे वर्षांपूर्वीही लोक इथे असेच टेकत असतील.” मी गप्प राहिलो. ज्या घराच्या पायरीवर आम्ही टेकलो होतो, ते त्याच्या आजोबांपेक्षा वयाने लहान होते.

हा धागा त्या पायरीविषयी.

१ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिश भूमिगत सेनेने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. दीड ते दोन लाख नागरिक मृत्युमुखी पडले. जुने शहर सप्टेंबरच्या आरंभी पडले; तेथील उरलेसुरले लढवय्ये भुयारी गटारांतून निसटले.

मात्र शहराचा खरा विध्वंस शरणागतीनंतरही थांबला नाही. उरलेल्या रहिवाशांना बाहेर काढून जर्मन पथकांनी रस्त्यामागून रस्ता, इमारतीमागून इमारत जाळली आणि सुरुंग लावून उडवली. युद्ध संपले तेव्हा व्हिस्तुला नदीच्या डाव्या तीरावरील सुमारे ८५ टक्के शहर नष्ट झाले होते. राजवाड्याच्या भिंतींत सुरुंगांसाठी भोके तर १९३९-४० च्या हिवाळ्यातच पाडून ठेवली होती. पाच वर्षे तो वाडा ती भोके घेऊन उभा राहिला आणि उठावाच्या काळात उडवला गेला.

राजधानी वूज शहरात हलवावी, अवशेष तसेच राहू द्यावेत, असेही विचार पुढे आले. परंतु फेब्रुवारी १९४५ मध्ये ‘राजधानी पुनर्बांधणी कार्यालय’ स्थापन झाले. त्याच्या वास्तुवारसा विभागाची धुरा यान झाख्वातोविच या वास्तुतज्ज्ञाकडे होती. शत्रूने जे हेतुपुरस्सर पुसले ते पुसलेले राहू द्यायचे नाही, ही त्यांची भूमिका.

आता एका लाडक्या दंतकथेकडे वळू. बेर्नार्दो बेलोत्तो हा राजा स्तानिस्वाफ आउगुस्त याच्या दरबारातील इटालियन चित्रकार. अठराव्या शतकात त्याने वॉर्साची अतिशय तपशीलवार दृश्ये रंगवली आणि ‘त्या चित्रांवरून जुने शहर उभारले’ असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. गोष्ट सुंदर आहे, पण अर्धीच खरी. ही चित्रे उपयोगी पडली ती प्रामुख्याने मिओदोवा, क्राकोव्स्के प्शेद्मिएश्चे यांसारख्या रस्त्यांसाठी. आम्ही बसलो होतो त्या चौकाचा आधार वेगळाच होता: वॉर्सा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी घरोघर फिरून, फूटपट्टी लावून केलेली मोजणीची रेखाटने. उठाव मोडल्यावर ती शहराबाहेर काढून प्योत्र्कूफ येथील एका मठात दडवण्यात आली. (परीक्षेसाठी केलेला गृहपाठ एखाद्या शहराचा जीव वाचवील, असे त्या मुलांना वाटले असेल का?)

मग ही हुबेहूब प्रतिकृती आहे का? नाही, आणि खरी मौज इथेच आहे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक भर टाळल्या गेल्या. घरांमागची दाटीवाटीची बांधकामे पुन्हा उभारलीच नाहीत. तिथे मोकळी अंगणे आली आणि दर्शनी भिंतींआड नव्या सोयींची घरे. सेंट जॉन कॅथीड्रलचा युद्धपूर्व दर्शनी भाग वगळून मध्ययुगीन शैलीतला, बराचसा अंदाजाने रचलेला भाग बांधला. म्हणजे १९३९ चे शहर परत आले नाही. १९३९ च्या शहराने जसे असायला हवे होते, असे काहींना वाटले, तसे शहर आले.

राजकारणही होतेच. राजा झिगमुंटचा १६४४ चा स्तंभ १९४४ मध्ये कोसळला होता. तो १९४९ साली पुन्हा उभा राहिला. जुन्या शहराचा चौक १९५३ साली खुला झाला. दोन्हींची तारीख २२ जुलै, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीचा राष्ट्रीय दिन. राजवाडा मात्र त्या राजवटीला अवघड जागेचे दुखणे वाटत असावा. त्याला परवानगी मिळाली ती १९७१ मध्ये, आणि तो लोकांच्या देणग्यांवर उभा राहिला. १९८० साली युनेस्कोने या ‘जुन्या’ शहराला जागतिक वारसा यादीत घेतले.

विटांचीही एक कथा आहे. युद्धानंतर पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकल्या. जर्मनांचे ब्रेस्लाऊ पोलिश व्रोत्सवाफ झाले आणि तेथील पडक्याच नव्हे, तर काही धडधाकट इमारतींच्या विटाही वॉर्साकडे रवाना झाल्या. पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतांशी याच पूर्व भागातले. त्यांची गावे उभी होती, पण ती आता त्यांच्या देशात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मित्रांना मुरानुफ भागात नेले. चौकापासून पायी पंधरा-वीस मिनिटे. युद्धापूर्वी वॉर्साची सुमारे ३० टक्के लोकसंख्या ज्यू होती आणि हा त्यांच्या वस्तीचा गाभा. १९४० मध्ये येथील घेट्टो भिंतींनी बंद झाला, १९४२ च्या उन्हाळ्यात येथून लाखो माणसे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली, आणि १९ एप्रिल १९४३ रोजी सुरू झालेला उठाव चिरडल्यावर सारा भाग जमीनदोस्त करण्यात आला.

इथे कोणी जुनी दारे-खिडक्या परत आणल्या नाहीत. नालेव्की ही ज्यू व्यापाराची गजबजलेली पेठ नकाशावरून जवळजवळ नाहीशी झाली. ढिगारा इतका होता की बोहदान लाखेर्त या वास्तुकाराने तो उपसण्याऐवजी त्यावरच नवी वसाहत रचली. काही ठोकळे तर तोच चुरा वापरून पाडले. त्या ढिगाऱ्यात माणसेही होती.

म्हणूनच मुरानुफमध्ये अनेक इमारती रस्त्यापेक्षा उंचावर दिसतात आणि दारापर्यंत जायला पायऱ्या चढाव्या लागतात. आम्ही अशाच एका पायरीवर सॅक टेकवल्या. इथे टेकडी कशी काय, असे आदल्या दिवशीच्या त्याच मित्राने विचारले. मी सांगितले. तो उठून उभा राहिला.