तेम्पुरा : उपवासाच्या ताटातील एक आठवण

वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच नागासाकीच्या वाटेने जपानी स्वयंपाकघरात शिरलेल्या एका पदार्थाकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तो पदार्थ म्हणजे तेम्पुरा.

पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली जपानला पोहोचले. १५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमा येथे उतरले. या मंडळींबरोबर मासळी व भाजी पिठात बुडवून तळण्याची रीत तिकडे गेली. त्या काळी ख्रिस्तसभेत ऋतू पालटताना, वर्षातून चार वेळा, बुधवार, शुक्रवार व शनिवार हे उपवासाचे दिवस असत. मांस वर्ज्य, मासळी चाले. लॅटिनमध्ये या दिवसांना ‘क्वातुओर तेम्पोरा’, म्हणजे ‘चार काळ’, म्हणत. ‘तेम्पुरा’ हा शब्द त्यातूनच आला असे काही अभ्यासक मानतात. इतर काही जण तो मसाल्याच्या अर्थाच्या ‘तेम्पेरो’ या पोर्तुगीज शब्दाशी जोडतात. जपानी ‘पान’ आणि आपला ‘पाव’ ही मात्र एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत.

हा पदार्थ घरी करणे अवघड नाही. हात हलका हवा. अंडे बर्फाच्या पाण्यात फेटावे, त्यात मैदा घालून दोन-चारदाच ढवळावे. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फार घोटल्यास आवरण चिवट होते. कोळंबी, मासळी, वांगे वा रताळ्याच्या चकत्या त्यात बुडवून कढत तेलात थोड्या थोड्या तळाव्यात. सोबत सोया सॉसचे पातळ सार व किसलेला मुळा. आपल्या भज्यांप्रमाणे यात हळद-तिखट नाही. मासळीची मूळ चव झाकू नये, हा त्यामागील विचार.

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६३९ साली पोर्तुगीजांना देशाबाहेर घालविण्यात आले. १८७३ साली बंदीचे फलक उतरेपर्यंत श्रद्धावंतांच्या पिढ्या चोरून प्रार्थना करीत राहिल्या. तेम्पुरा मात्र एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरच्या टपऱ्यांतून उघडपणे विकला जात होता. ज्यांनी तो आणला त्यांचे उपवास कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आपली श्रद्धा उघडपणे टिकली. पण ते ‘चार काळ’ आपल्यापैकी किती जणांना आठवतात? १९६९ च्या उपासना-दिनदर्शिकेने ते ठरविण्याचे काम देशोदेशींच्या बिशप परिषदांवर सोपविले, आणि घरांतून त्यांचे नावही पुसट झाले. शुक्रवारी मासळी तळताना मुलांनी ‘आज मांस का नाही?’ असे विचारले, तर त्यांना ही हकिगत जरूर सांगावी, एवढीच आमची विनंती.