स्वमग्न बालक, सहायक श्वान आणि शाळेची वर्गखोली : एका वादाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

अपंग व्यक्तीच्या सोबतीला असणारा प्रशिक्षित श्वान म्हटले की बहुतेकांच्या नजरेसमोर एकच चित्र उभे राहते : अंध व्यक्ती, तिच्या हाती पट्टा आणि अर्धे पाऊल पुढे चालणारा श्वान. या चित्राला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये मार्गदर्शक श्वानांची शाळा सुरू झाली. अमेरिकेत १९२९ मध्ये नॅशव्हिल येथे 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले मॉरिस फ्रँक हे स्वतः अंध होते आणि स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षण घेऊन 'बडी' नावाच्या श्वानासह मायदेशी परतले होते. या परंपरेत घटक दोनच. माणूस दिशा ठरवतो, श्वान वाट दाखवतो. श्वानाला हॉटेलात, आगगाडीत वा कार्यालयात प्रवेश देणारे पुढील काळातील कायदेही हीच जोडी गृहीत धरून लिहिले गेले.

स्वमग्न बालकाच्या बाबतीत हे गृहीतक लागू पडत नाही. पाच-सहा वर्षांचे, कदाचित बोलताही न येणारे मूल श्वानाला आज्ञा देऊ शकत नाही. पट्टा मोठ्या माणसाच्या हाती असतो आणि मूल श्वानाशी जोडलेले असते. म्हणजे येथे घटक तीन झाले. उत्तर अमेरिकेतील शाळांमध्ये आणि न्यायालयांमध्ये या विषयावर जो वाद झाला, तो वरकरणी श्वानाच्या उपयुक्ततेविषयी होता. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी हा तिसरा घटक होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उपचारकक्षातील श्वान

लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावर आधारित आपला प्रसिद्ध निबंध १९४३ मध्ये प्रकाशित केला आणि 'ऑटिझम' ही स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकविश्वाला ज्ञात झाली. मराठीत त्यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला. मग्नतेत सुख सूचित होते, ते या मुलांच्या अनुभवाशी कितपत जुळते हा प्रश्न वेगळा. तथापि शब्द रुळला आहे.

कॅनर यांच्या निबंधानंतर दहा वर्षांनी न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल, कोणाशीही संबंध न ठेवणारा मुलगा नियोजित वेळेपूर्वीच आला. लेव्हिन्सन यांचा 'जिंगल्स' हा श्वान तेथेच होता. तो मुलाजवळ गेला आणि मुलाने त्याला जवळ घेतले. पुढील भेटींत या श्वानाच्याच आधाराने लेव्हिन्सन त्या मुलाशी संवाद साधू शकले. १९६१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी हा अनुभव मांडला, तेव्हा त्यांच्या वाट्याला उपहासही आला. १९६२ मध्ये श्वानाला 'सह-उपचारक' संबोधणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि या शाखेचा पाया घातला गेला. येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. जिंगल्स हा उपचारकाचा श्वान होता. मूल घरी गेले की श्वान तेथेच राहत असे.

हा श्वान शाळेत का गेला नाही, याचे उत्तर सरळ आहे. मूलच शाळेत नव्हते. अमेरिकन काँग्रेसने १९७५ मध्ये अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा संमत केला, त्या वेळी सुमारे दहा लाख अपंग मुले सार्वजनिक शाळांबाहेर असल्याचे त्या कायद्यातच नमूद केले होते. स्वमग्नतेला या कायद्यात स्वतंत्र प्रवर्ग म्हणून स्थान मिळण्यास १९९० साल उजाडले. अपंग नागरिकांना सार्वजनिक जीवनात समान प्रवेशाचा हक्क देणारा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अॅक्टही त्याच वर्षीचा. एक शिक्षणाचा कायदा, दुसरा नागरी हक्काचा. पुढील सर्व संघर्ष या दोहोंच्या सीमारेषेवर झाला.

पट्टा, कमरपट्टा आणि तिसरी व्यक्ती

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील 'नॅशनल सर्व्हिस डॉग्ज' ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था स्वमग्न मुलांसाठी श्वान प्रशिक्षित करणारी पहिली संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या पद्धतीमागे पालकांची एक अत्यंत व्यवहारी चिंता होती. अनेक स्वमग्न मुले एकाएकी धाव घेतात. रस्ता, वाहन, पाणी यांचे भान त्यांना त्या क्षणी नसते. मुलाच्या कमरेचा पट्टा श्वानाच्या अंगावरील साजाला जोडला जातो. मूल धावू लागताच श्वान जागच्या जागी थांबतो आणि आपल्या वजनाने मुलाला अडवतो. आज्ञा मात्र देतो तो मोठा माणूस, म्हणजेच श्वानहस्तक. वर्गात याच श्वानाचे काम काहीसे बदलते. गोंगाट असह्य झाला की मूल त्याच्या अंगावर हात ठेवते. तास संपून दुसऱ्या खोलीत जायचे असते, तो संक्रमणाचा क्षण अशा मुलांसाठी फार कठीण असतो. तेथे श्वान हा न बदलणारा घटक ठरतो.

क्रिस्टन बरोज आणि सहकाऱ्यांनी या संस्थेचे श्वान मिळालेल्या दहा कुटुंबांचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पालकांनी सर्वाधिक महत्त्व सुरक्षिततेला दिल्याचे त्यात आढळते. मूल पळून जाईल या धास्तीने घरातच कोंडलेली कुटुंबे बाहेर पडू लागली होती. क्वेबेकमधील संशोधकांनी २०१० मध्ये ४२ स्वमग्न मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे मापन प्रसिद्ध केले. सकाळी जागे झाल्यानंतर या संप्रेरकात होणारी वाढ श्वान येण्यापूर्वी ५८ टक्के होती, ती श्वान असताना १० टक्क्यांवर आली आणि श्वान काढून घेताच पुन्हा ४८ टक्के झाली. हे आकडे बोलके असले तरी ते घरातील आहेत, वर्गातील नाहीत. शाळांच्या वकिलांनी नेमका असाच भेद पुढे पुढे केला.

श्वानाच्या बाजूनेही पाहावयास हवे. बरोज आणि सहकाऱ्यांनी श्वानांच्या कल्याणाविषयी स्वतंत्र लेख लिहून, विश्रांती व खेळाला पुरेसा वेळ न मिळाल्यास आणि मुलाने नकळत दिलेल्या त्रासामुळे श्वानावर ताण येतो, असे दाखविले आहे. शाळेचा पूर्ण दिवस हा श्वानासाठी दीर्घ कामाचा दिवस असतो. श्वानाच्या बाजूने लिहिणारे उत्साही लेखक हा मुद्दा सहसा टाळतात.

न्यायालयाच्या दारी

इलिनॉय राज्याच्या शालेय कायद्यात, अपंग विद्यार्थ्याच्या लाभासाठी प्रशिक्षित केलेल्या प्राण्यास त्या विद्यार्थ्यासोबत शाळेत येऊ द्यावे, अशी तरतूद होती. तिच्या आधारे कोलंबिया आणि व्हिला ग्रोव्ह येथील दोन शालेय मंडळांविरुद्ध स्वमग्न मुलांच्या पालकांनी दावे केले. राज्याच्या अपील न्यायालयांनी अनुक्रमे २००९ आणि २०१० मध्ये दोन्ही प्रकरणी पालकांच्या बाजूने कौल दिला. व्हिला ग्रोव्ह प्रकरणातील शाळेचा युक्तिवाद मुळातून पाहण्याजोगा आहे. श्वानाला मूल नव्हे तर मोठा माणूस हाताळतो, मग तो मुलाला 'सोबत' करतो असे कसे म्हणावे, असा तो प्रश्न होता. ओल्डेनबुर्गपासून चालत आलेले दोन घटकांचे चित्र येथे विधिज्ञांच्या भाषेत बोलत होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. कायद्याने मुलाचा लाभ पाहिला आहे, पट्टा कोणाच्या हाती आहे हे पाहिलेले नाही, असा या निर्णयाचा आशय सांगता येईल.

संघराज्य पातळीवर अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये नियमांची फेररचना केली. सहायक प्राणी म्हणजे विशिष्ट कामासाठी प्रशिक्षित श्वान, अशी व्याख्या झाली. केवळ भावनिक आधार देणारे प्राणी तिच्यातून वगळले गेले. इतरांची भीती वा अॅलर्जी हे प्रवेश नाकारण्याचे कारण ठरणार नाही, असे त्याच विभागाचे मार्गदर्शन आहे. परंतु प्राण्याची देखभाल वा देखरेख ही सार्वजनिक संस्थेची जबाबदारी नाही, हे वाक्यही त्याच नियमांत होते आणि शाळांनी ते नेमके उचलले. कॅलिफोर्नियातील सायप्रस शालेय मंडळाने सहा वर्षांच्या स्वमग्न मुलाच्या श्वानाला प्रवेश नाकारला, तेव्हा श्वानाविनाही मुलाची शैक्षणिक प्रगती होत आहे, असा त्याचा बचाव होता. २०११ मध्ये संघीय न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे श्वानाला प्रवेश दिला. प्रगती होते की नाही हा शिक्षणाच्या कायद्याचा प्रश्न; प्रवेशाचा हक्क त्यावर अवलंबून नाही, ही भूमिका त्यात स्पष्ट झाली.

भारतीय वाचकाला येथे एक परिचित संज्ञा भेटते. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील सात प्रवर्गांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्याने तिला अपंगत्वाच्या सूचीत स्थान देऊन 'वाजवी सोयी'ची संकल्पनाही आपल्याकडे आणली. शिक्षकाच्या मदतनिसाने पट्टा धरणे ही वाजवी सोय की अवाजवी भार, या प्रश्नावरच सायप्रससारखे दावे उभे होते.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेले प्रकरण स्वमग्न मुलाचे नव्हते. मिशिगनमधील सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलीला 'वंडर' नावाचा श्वान शाळेत आणू दिला गेला नाही. तिला माणूस-मदतनीस दिलेला आहे, तो पुरे, असे शाळेचे म्हणणे. पालकांनी मुलीला घरीच शिकविले. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने २०१२ मध्ये हा भेदभाव ठरविला. तोवर त्या मुलीची प्राथमिक शाळेची आरंभीची वर्षे निघून गेली होती. फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स या खटल्यात २२ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालपत्र लिहिले. विशेष शिक्षणाच्या प्रशासकीय यंत्रणेकडे आधी दाद मागितलीच पाहिजे काय, हा तांत्रिक प्रश्न त्यांनी दोन साध्या प्रश्नांनी सोडविण्याचा मार्ग दिला. हाच दावा सार्वजनिक ग्रंथालयावर करता आला असता काय? शाळेतील एखादा प्रौढ कर्मचारी हाच दावा करू शकला असता काय? उत्तर होकारार्थी असेल तर वाद शिक्षणाचा नसून प्रवेशाचा आहे. केवळ नुकसानभरपाई मागणाऱ्या दाव्याला ही प्रशासकीय पायरी आड येत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये एका बधिर विद्यार्थ्याच्या प्रकरणात ठरवून ही वाट आणखी मोकळी केली.

जन्मभूमीतील नकार

ज्या ऑन्टारिओत या पद्धतीचा उगम झाला, तेथील निर्णय मात्र उलट दिशेने गेला. वॉटर्लू कॅथॉलिक शालेय मंडळाने नऊ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाच्या श्वानाला वर्गात येऊ दिले नाही. प्रांताच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये, म्हणजे फ्राय निकालाच्याच वर्षी, शाळेच्या बाजूने निर्णय दिला. मुलाच्या शैक्षणिक गरजा अन्य उपायांनी भागविल्या जात आहेत आणि वर्गात श्वानाची गरज सिद्ध झालेली नाही, असा त्याचा आधार होता. म्हणजे कॅलिफोर्नियात जो युक्तिवाद गैरलागू ठरला, तोच येथे निर्णायक ठरला. मुलाची प्रकृती सारखी, श्वानाचे काम सारखे. फरक होता तो प्रश्न कोणत्या कप्प्यात टाकला गेला याचा.

आणखी एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. सॉल्ट लेक सिटी येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या वाचन उपक्रमात मुले श्वानाला पुस्तक वाचून दाखवितात आणि असे उपक्रम अनेक शाळांनी आनंदाने स्वीकारले. पाहुणा म्हणून, शाळेच्या निमंत्रणाने, स्वयंसेवकासह येणारा श्वान अडचणीचा ठरला नाही. मुलाचा स्वतःचा, रोज हक्काने येणारा श्वान मात्र ठरला. लेव्हिन्सन यांच्या जिंगल्सप्रमाणे पहिला श्वान संस्थेच्या मर्जीतला होता.

वॉटर्लू निर्णयानंतर ऑन्टारिओच्या शिक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये धोरण-ज्ञापन क्रमांक १६३ काढले. त्यानुसार प्रत्येक शालेय मंडळाला सहायक प्राण्यांविषयी लेखी धोरण करणे आणि प्रत्येक मुलाच्या अर्जाचा स्वतंत्र विचार करणे बंधनकारक झाले. धोरण अमलात आणण्याची मुदत १ जानेवारी २०२० होती. ज्ञापनाने प्रक्रिया दिली. प्रवेशाची हमी दिली नाही. वर्गात पट्टा कोणी धरायचा हेही मंडळांनी प्रत्येक मुलापुरते ठरवायचे होते.