छाप, बँडरोल आणि लूमेन

सावद्याच्या बाजारात 'माचिस' मागितली जाते. वडीलधारी मंडळी 'काडेपेटी' वा 'आगपेटी' म्हणतात. पेटीला तीन नावे. तिच्यावरील चित्राला मात्र मराठीने एकच शब्द दिला : छाप. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरूनच माल ओळखी, म्हणून घोडाछाप, जहाजछाप. पेटी पाण्यात भिजवून कागद अलगद सोडवायचा आणि वहीत डकवायचा, हे 'छाप जमवणे'.

या छंदाला 'फिलुमेनी' हे नाव १९४३ साली इंग्लंडमधील मार्जरी एव्हान्स यांनी दिले. ग्रीक 'फिलोस' म्हणजे प्रिय, लॅटिन 'लूमेन' म्हणजे प्रकाश. पास्काच्या रात्री अंधाऱ्या मंदिरात 'लूमेन ख्रिस्ती' ऐकलेल्या वाचकांना तो शब्द परका नाही. त्याआधी, १८३० च्या सुमारास, लंडनमध्ये काड्या 'लुसिफर' नावाने विकल्या जात. दचकण्याचे कारण नाही. लुसिफर म्हणजे प्रकाशवाहक, पहाटतारा. यशयाच्या चौदाव्या अध्यायाच्या लॅटिन भाषांतरावरून ते नाव सैतानाकडे गेले, तरी पास्काच्या घोषणागीतात ते आजही कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यासाठी, ख्रिस्तासाठी, येते.

छापावरील सर्वांत दुर्लक्षित शब्द 'सेफ्टी'. पूर्वी काडीच्या गुलातच पांढरा फॉस्फरस असे. त्याच्या वाफेने कारखान्यातील मजुरांचे, विशेषतः गरीब मुलींचे, जबडे सडत. १८८८ साली लंडनच्या कामगार मुलींनी संप केला; १९०६ साली बर्न येथे बंदीचा करार झाला; हिंदुस्थानात कायदा आला १९१३ साली. सेफ्टी काडीत लाल फॉस्फरस पेटीच्या पट्टीवर गेला. संग्राहक रंग न्याहाळतात आणि हा शब्द वाचत नाहीत, याचे मला नवल वाटते.

स्वीडन व जपानहून येणाऱ्या पेट्यांवर आपल्याकडील देवदेवता असत. धंद्याला धर्माचे वावडे नसते! १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली, अंबरनाथला कारखाना निघाला. पुढे शिवकाशीने बाजार व्यापला. १९३४ च्या अबकारी कायद्याने पेटीवर कराची कागदी पट्टी आली, तिचे नाव 'बँडरोल'. पेटी उघडताना ती फाटायची. म्हणून अखंड बँडरोल दुर्मीळ.

लाकडी पेटी जाऊन पुठ्ठ्याची आली, चित्र थेट पुठ्ठ्यावर छापले जाऊ लागले, आणि 'भिजवणे' संपले. आता पेटी उलगडून सपाट ठेवतात. तिला संग्राहक 'स्किलेट' म्हणतात. मराठीत 'उलगडपेटी' म्हणायला काय हरकत आहे?