ऐन पावसाळ्यात चक्रीवादळे का येत नाहीत? जेट प्रवाहाची भूमिका

‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले ते 3 जून 2020 रोजी. ‘फयान’ कोकणात आले ते 11 नोव्हेंबर 2009 रोजी. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र अशी वादळे क्वचितच तयार होतात. याचे मोठे कारण आपल्या डोक्यावर 14 ते 16 किलोमीटर उंचीवर वाहणारे वारे हे आहे.

वादळ कसे वाढते?
समुद्राचे पाणी साधारण 26.5 अंश सेल्सिअसपेक्षा उबदार असले, की बाष्प वर चढून ढगांची उभी उतरंड तयार होते. ती सरळ उभी राहिली तरच वादळ जोर धरते. त्यासाठी खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत फार फरक नसावा लागतो.

पावसाळ्यात काय होते?
जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण भारतावरून उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान जेट प्रवाह (झोतवारा) वाहतो. खाली मात्र नैर्ऋत्य मोसमी वारे उलट दिशेने येतात. या ओढाताणीत ढगांचा माथा एकीकडे आणि बुंधा दुसरीकडे जातो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, विदर्भाला चांगला पाऊसही देतात. पण त्यांचे चक्रीवादळ सहसा होत नाही. अपवाद असतात: ऑगस्ट 2024 मध्ये अरबी समुद्रात ‘अस्ना’ तयार झाले होते.

धोक्याचे दोन काळ
मे महिन्यात हा प्रवाह पुरता स्थिरावलेला नसतो आणि ऑक्टोबरमध्ये तो ओसरलेला असतो. समुद्र मात्र उबदारच असतो. नेमकी तेव्हाच आंब्याची काढणी किंवा भाताची कापणी सुरू असते.

काय करावे?
- हवामान विभाग वादळाचा इशारा साधारण 48 तास आधी आणि अधिक नेमकी सूचना 24 तास आधी देतो. पहिल्या इशाऱ्यालाच कामाला लागा.
- 80 ते 85 टक्के तयार झालेला हापूस काढून घ्या.
- कापलेले भात शेतात पसरून ठेवू नका; बांधून कोरड्या, उंच जागी हलवा.
- केळीला आधार द्या, चर मोकळे करा.
- फवारणी आणि खत देणे पुढे ढकला.

जेट प्रवाहावरून वादळाची तारीख कळत नाही; पण कोणत्या आठवड्यांत सावध राहायचे, हे नक्की कळते. काढणीचे नियोजन करताना तेवढे ध्यानात ठेवा.