पगारातल्या दोनशे रुपयांचे कूळ

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारातून 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2,500, कारण राज्यघटनेने याहून जास्त घ्यायला मनाई केली आहे. 1975 साली हा कर बसवला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी, हे कापून देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

योजनेचे मूळ सांगली जिल्ह्यात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग करून पाहिला: मागेल त्याला गावाजवळ काम. 1972 मध्ये तो राज्यभर न्यायचे ठरले आणि त्याच वर्षी दुष्काळ कोसळला. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत, पाझर तलावांची माती वाहत. काम मागायची सवय लागलेल्या एवढ्या लोकांना परत पाठवणे कुठल्याच सरकारला झेपणारे नव्हते.

पण मुंबईच्या कारकुनाने बीडच्या मजुरासाठी कर का द्यावा? कारण बीडचा मजूर मुंबईच्या फुटपाथवर यायला नको होता. बागायतदाराला तलाव आणि रस्ते हवे होते, आमदाराला मतदारसंघात कामे. डाव्या आणि समाजवादी संघटनांचे मोर्चे होतेच. भूतदयाही असेल, पण असा कायदा एकमताने मंजूर होतो तेव्हा प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडलेले असते.

1977 चा हा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. 15 दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा आणि करातून जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. पुढे 1988 मध्ये मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि कामावरची हजेरी झपाट्याने घसरली. हक्क तोच होता, पण मजुरी महागताच सरकारने कामे काढण्यात हात आखडला. 1990 पासून याच योजनेतून खातेदारांच्या शेतात फळबागा उभ्या राहिल्या. बागा चांगल्याच, पण भूमिहीनाच्या हाती त्यातून लागवडीची मजुरी तेवढी आली.

2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला तो महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून. वेगळा कर मात्र दिल्लीने बसवला नाही. मजुरीचा पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर राहिला.